ख्वारज्मशाहीचे निवेदक : उदय, विनाश आणि कारणाचा शोध

१

तेराव्या शतकाच्या आरंभी मध्य आशिया आणि इराण या प्रदेशांत ख्वारज्मशाहांइतकी प्रबळ सत्ता दुसरी नव्हती. अमुदर्येच्या मुखाकडील सखल प्रदेशात, गुर्गंज या राजधानीच्या आश्रयाने वाढलेले हे घराणे सुमारे सव्वाशे वर्षांत सीरदर्येपासून पश्चिम इराणपर्यंत पसरले. आणि १२१९ च्या शरद ऋतूपासून १२२१ च्या अखेरीपर्यंतच्या अवघ्या दोन-अडीच वर्षांत मंगोल आक्रमणाखाली त्याचे राज्य नष्ट झाले. उदयाला लागलेला काळ आणि विनाशाला लागलेला काळ यांतील ही विषमता इतिहासकाराला जितकी विचारात पाडते तितकीच ती निवेदकालाही अडचणीत आणते. मांडलिकत्व, बंडे, तह, भाऊबंदकी अशा टप्प्यांनी सावकाश घडलेला उत्कर्ष आणि एकाएकी ओढवलेला अंत यांना एका कथनसूत्रात गोवावयाचे कसे, हा त्याच्यापुढील प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात घटनांची पुनर्मांडणी करण्याचा हेतू नाही. त्या घटना ज्या संहितांच्या द्वारे आपल्यापर्यंत पोहोचल्या त्यांच्या कथनव्यूहाचा विचार येथे करावयाचा आहे. मोसुलचा अरबी इतिहासकार इब्न अल्-असीर (११६०–१२३३), जलालुद्दीन ख्वारज्मशाहाचा मुनशी शिहाबुद्दीन नसवी, मंगोलांच्या सेवेतील अताउल्मुल्क जुवैनी (१२२६–१२८३) आणि घोर प्रांतातून परागंदा होऊन दिल्लीच्या आश्रयास आलेला मिन्हाज-इ-सिराज जूझजानी हे चार निवेदक येथे प्रामुख्याने विचारात घेतले आहेत. या चौघांच्या लेखनात ख्वारज्मशाहीचा उदय स्वतंत्र आशय म्हणून क्वचितच येतो. बहुधा तो अस्ताची पूर्वपीठिका म्हणून येतो. त्या अस्ताचे कारण कोठे ठेवावयाचे, हे प्रत्येक निवेदकाच्या निवेदनस्थानावर, म्हणजे तो कोठे उभा राहून, कोणाच्या छत्राखाली आणि कोणासाठी लिहितो आहे यावर, मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

हेडन व्हाईट यांच्या ‘मेटाहिस्टरी’पासून (१९७३) इतिहासलेखनाकडे कथनाच्या अंगाने पाहण्याची दृष्टी आपल्याकडील समीक्षेला अपरिचित राहिलेली नाही. तथापि तिचा उपयोग पुष्कळदा एवढाच होतो की, सर्व इतिहास ही कथाच असते असे सांगून अभ्यासक मोकळा होतो. येथे मात्र प्रश्न एवढ्याने सुटत नाही. लक्षावधी माणसांच्या संहाराची जबाबदारी कोणाची, हा त्या कथनाचा गाभा आहे. वाक्यातील कर्ता बदलला की ही जबाबदारीही बदलते. पानिपतच्या (१७६१) पराभवाविषयीच्या मराठी बखरी ज्याने वाचल्या आहेत त्याला, मोठ्या पराभवाचे खापर कोणाच्या माथी फोडावयाचे हा निवेदनाचाच प्रश्न कसा होऊन बसतो, हे वेगळे सांगावयास नको.

२

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो १२१८ मधील ओत्रारच्या घटनेत. सीरदर्येकाठच्या या सरहद्दीवरील शहरात चंगीझखानाच्या मुलुखातून आलेला व्यापाऱ्यांचा तांडा अडविण्यात आला. व्यापारी मारले गेले आणि माल जप्त झाला. पुढे भरपाई मागण्यास आलेल्या वकिलालाही ठार करण्यात आले. युद्धाचे निमित्त हेच, याविषयी फारसा मतभेद नाही. तांड्याच्या कत्तलीची आज्ञा कोणी दिली, या प्रश्नावर मात्र निवेदक एकमेकांपासून दूर जातात.

नसवीच्या मते ओत्रारचा अधिकारी इनालखान हा मालाच्या लोभाने अंध झाला होता. त्याने व्यापाऱ्यांना हेर ठरवून सुलतान मुहंमदाला लिहिले. सुलतानाने पुढील निर्णय होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवण्यापुरती मुभा दिली आणि इनालखानाने तिची मर्यादा ओलांडली. जुवैनीच्या निवेदनात सुलतान फारसा विचार न करता रक्तपातास संमती देतो. इब्न अल्-असीरकडे तर आज्ञा थेट सुलतानाचीच आहे; मारा आणि माल पाठवा, असा तिचा आशय. जूझजानीच्या मते अधिकाऱ्याने लोभापायी परवानगी मागितली आणि ती मिळाली. संख्याही सारख्या नाहीत. नसवी चार व्यापाऱ्यांची नावे देतो, जुवैनी साडेचारशे माणसे सांगतो, तर जूझजानी पाचशे उंट मोजतो. कत्तलीतून वाचलेला एक माणूस जुवैनी आणि जूझजानी या दोघांकडेही आहे. जूझजानी त्याला हमामखान्यातून, चुलीच्या वाटेने बाहेर काढतो. वार्ता बाहेर पोहोचावयाची तर एक साक्षीदार उरलाच पाहिजे, ही कथनाची गरज येथे उघड दिसते.

या तफावतींतून ‘खरी’ हकीकत निवडणे हे इतिहाससंशोधकाचे काम होय. बार्तोल्द यांच्यासारख्या संशोधकांनी ते गेल्या शतकाच्या आरंभापासून साक्षेपाने केले आहे. समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. नसवीला सुलतान आणि अधिकारी यांच्यामध्ये एक मोकळी जागा का ठेवावीशी वाटते? तो मुनशी आहे, म्हणजे आपल्या दरबारी परिभाषेत चिटणीस. पत्रात लिहिलेली आज्ञा आणि तिची अंमलबजावणी यांत पडणारे अंतर हा त्याच्या रोजच्या व्यवसायातील अनुभव आहे. त्याने सुलतानाला निर्दोष ठरविलेले नाही; सैन्य एकवटण्याऐवजी शहराशहरांत विखरून ठेवण्याचा सुलतानाचा निर्णय त्याने चुकीचाच मानला आहे. परंतु राज्यसंस्थेच्या बिघाडाचे स्थान तो सुलतानाच्या हेतूत न पाहता आज्ञा आणि कृती यांच्यातील तुटीत पाहतो. इनालखान हा सुलतानाच्या आईच्या, तर्कान खातूनच्या, नात्यातला. सैन्यातील बलाढ्य सरदारही त्याच आप्तसंबंधातले. त्यामुळे त्याला शिक्षा करणे अथवा मंगोलांच्या स्वाधीन करणे सुलतानाला शक्य नव्हते, असे नसवी सांगतो. त्याच्या निवेदनात सुलतान हा आपल्याच राज्यात बांधला गेलेला माणूस आहे.

जुवैनीच्या निवेदनातील एक तपशील या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्या तांड्यात एक हिंदी मनुष्य होता व त्याची अधिकाऱ्याशी जुनी ओळख होती. अधिकाऱ्याला आता ‘गायिरखान’ हा किताब मिळालेला. पण या ओळखीच्या माणसाने त्याला किताबाने न पुकारता ‘इनालचुक’ या जुन्या नावाने हाक मारली आणि तो दुखावला. एका साम्राज्याच्या नाशाची ठिणगी संबोधनाच्या चुकीतून पडते, असे हे निवेदन सुचविते. वरवर पाहता ही दरबारी गोष्टींतील गंमत वाटेल. परंतु किताब हा जुवैनीच्या ख्वारज्मविषयक निवेदनात पुन्हा पुन्हा येणारा आशयघटक आहे. कराखिताईंवरील विजयानंतर सुलतान मुहंमदाला ‘दुसरा सिकंदर’ म्हणावे असे सुचविण्यात आले. सिकंदराची कारकीर्द अल्पकाळाची, सेल्जुक सुलतान संजरची मात्र दीर्घ. म्हणून त्याने ‘संजर’ हे नाव पसंत केले, असे जुवैनी सांगतो. शेवट माहीत असलेल्या वाचकाला या निवडीतील उपरोध वेगळा समजावून द्यावा लागत नाही. किताब वाढत जातात आणि त्यांच्या मागचे बळ पोकळ होत जाते, अशी ही रचना आहे.

इब्न अल्-असीरची गोष्ट निराळी. त्याचा ग्रंथ वर्षवार नोंदींचा आहे. हिजरी ६१७ या वर्षाशी येताच तो थबकतो. हे लिहिण्यास आपण कित्येक वर्षे टाळाटाळ केली, असे तो स्वतःच सांगतो. वर्षवार नोंदींचा साचा निवेदकाला भावनिक अंतर राखण्याची सोय करून देतो. येथे ते अंतर टिकत नाही. त्याने केलेली राजकीय मीमांसा मात्र थंड डोक्याची आहे. ख्वारज्मशाहाने आसपासची राज्ये एकामागून एक बुडविली, त्यांचे राजे नाहीसे केले. म्हणून त्याचा पराभव झाला तेव्हा प्रतिकारास दुसरा कोणी उरलाच नव्हता, असे तो म्हणतो. येथे उदय हेच अस्ताचे कारण ठरते. ही मांडणी दैवाला मध्ये आणत नाही, हे तिचे महत्त्व. शिवाय मंगोलांच्या आगमनाचे आणखी एक कारण बोलले जाते, पण ते ग्रंथात लिहिण्यासारखे नाही, असे म्हणून तो पुढे जातो. मंगोलांना खलिफा अन्-नासिरनेच बोलाविले या प्रवादाकडे त्याचा रोख असावा. कारण खलिफाच्या मृत्यूची (१२२५) नोंद करताना हा प्रवाद, तो खरा असेल तर अशा सावध अटीसह, त्याने उच्चारला आहे. एका वर्षाच्या नोंदीत गिळलेले वाक्य खलिफा हयात नसताना दुसऱ्या वर्षाच्या नोंदीत बाहेर पडते. कोणते कारण केव्हा लिहिता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या चौघांच्या पलीकडे विजेत्यांची स्वतःची संहिताही आहे. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात व्यापाऱ्यांऐवजी मारले गेलेले शंभर दूत आहेत. ओत्रारच्या प्रसंगाचा कारणविचार तेथे दोन-चार ओळींत आटोपतो. निवेदकाला रस आहे तो मोहिमेपूर्वी उपस्थित झालेल्या वारसाच्या प्रश्नात आणि खानाच्या पुत्रांच्या भांडणात. ज्या घटनेभोवती मुस्लिम इतिहासकारांचे सारे कथन फिरते ती विजेत्याच्या कथनात दुसऱ्या एका कथेचे निमित्त ठरते.

३

जुवैनीच्या ‘तारीख-ए-जहाँगुशा’ या फारसी ग्रंथाची रचना विशेष लक्ष देण्यासारखी आहे. पहिल्या भागात चंगीझखान, त्याचे कायदे, मावरा-उन्-नहर आणि खुरासान यांचा विध्वंस येतो. ख्वारज्मशाहांच्या घराण्याचा मूळ वृत्तांत त्यानंतर, दुसऱ्या भागाच्या आरंभी सुरू होतो. सेल्जुकांच्या सेवेतील अनुश्तगीन हा तुर्की गुलाम, राजाची भांडी सांभाळणारा तश्तदार; त्याच्या वंशजांपैकी अत्सिझने (मृत्यू ११५६) संजरविरुद्ध केलेली बंडे; तेकिशने (११७२–१२००) ११९४ मध्ये रय येथे अखेरचा सेल्जुक सुलतान तुग्रुल याचा केलेला शेवट; हे सर्व वाचक वाचतो ते बुखारा आणि मर्व यांची राख पाहून झाल्यानंतर. विनाश आधी आणि उदय नंतर असा हा क्रम आहे. त्यामुळे अत्सिझचे धाडस अथवा तेकिशची मुत्सद्देगिरी कितीही रंगवून सांगितली तरी त्यांवर एक सावली पडलेलीच राहते.

जुवैनीला खुशामतखोर ठरविण्याची एक सोपी रीत रूढ आहे. मंगोलांचा अधिकारी, १२५९ पासून बगदादचा प्रशासक, त्याने धन्याची बाजू घेतली यात नवल ते काय, असे म्हटले जाते. परंतु याच माणसाचे आजोबा मुहंमद आणि जलालुद्दीन यांच्या दिवाणातील मोठे अधिकारी होते आणि पणजोबाही तेकिशच्या दरबाराशी संबंधित होते. ज्या राज्याच्या नाशाचे तो समर्थन करतो असे वाटते ते त्याच्या स्वतःच्या घराण्याचे आश्रयस्थान होते. सिंधूकाठच्या १२२१ च्या लढाईत पराभूत जलालुद्दीन घोड्यासह नदीत उडी घेतो आणि चंगीझखान त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या पुत्रांना म्हणतो की पुत्र असावा तर असा. हे दृश्य मंगोलांच्या या सेवकाने मनापासून रंगविले आहे. हजारास्पच्या वेढ्यातील (११४७) अनवरी आणि रशीदुद्दीन वत्वात या कवींची बाणांवरून झालेली पद्यमय उत्तर-प्रत्युत्तरे तो चवीने सांगतो. संतापलेल्या संजरने वत्वातचे सात तुकडे करण्याची शपथ घेतली तेव्हा, ‘वत्वात’ हे तर एका लहानशा पाखराचे नाव, त्याचे सात तुकडे कसे होणार, दोनच करावेत, असे विनोदाने सुचवून कवीचे प्राण वाचविणारा चिटणीस जुवैनीच्याच पूर्वजांच्या नात्यातला होता. उदयाच्या इतिहासात लेखकाने आपल्या घराण्यासाठी राखलेली ही छोटीशी जागा आहे. राजाचा क्रोध शब्दाने वळविता येतो, या श्रद्धेवरच चिटणिसाचे घराणे उभे असते.

हीच श्रद्धा बुखाऱ्याच्या प्रसंगात कोलमडते. १२२० मध्ये मंगोल शहरात शिरतात. मोठ्या मशिदीत कुराणाच्या पेट्यांची घोड्यांसाठी गव्हाणी होते. एक इमाम दुसऱ्याला विचारतो की हे आपण पाहतो ते स्वप्न की जागृती. आणि दुसरा त्याला गप्प राहावयास सांगतो, कारण हे ईश्वरी कोपाचे वारे आहे. पुढे चंगीझखान ईदगाहाच्या व्यासपीठावरून श्रीमंतांना सांगतो की तुमच्या थोरांनी मोठी पापे केली नसती तर माझ्यासारखी शिक्षा ईश्वराने तुमच्यावर धाडली नसती. हे भाषण अन्य समकालीन साधनांत आढळत नाही. त्याची ऐतिहासिकता संशयास्पद असली तरी त्याचे कथनकार्य स्पष्ट आहे. पराभूतांच्या धर्मशास्त्रातील शिक्षेची कल्पना येथे विजेत्याच्या तोंडी घातलेली आहे. एकदा विजेता हा ईश्वरी इच्छेचे साधन झाला की कर्तेपण वर सरकते आणि विजेत्याची सेवा करणे पाप उरत नाही. जुवैनीच्या मनाला या व्यूहाची गरज होती, हे समजण्यासारखे आहे. किंमत मात्र मोठी आहे, कारण मारला गेलेला आता बळी राहत नाही, तो गुन्हेगारांच्या समूहातला एक होतो.

तथापि त्याच प्रकरणात जुवैनीने एका निर्वासिताचे उत्तर नोंदविले आहे. बुखाऱ्यातून पळून खुरासानात आलेल्या माणसाला शहराचे काय झाले असे विचारले असता त्याने सहा भूतकाळी क्रियापदांत सारे सांगितले: येण्यापासून जाण्यापर्यंतची सहा कृत्ये. विशेषण नाही, उपमा नाही, ईश्वर नाही, पापही नाही. फारसी क्रियापदाच्या प्रत्ययातच अनेकवचनी कर्ता सामावलेला असल्याने ‘मंगोल’ हा शब्दही उच्चारावा लागत नाही. पण कर्ता नाहीसा मात्र झालेला नाही. प्रत्येक क्रियापदात माणसेच काही करीत आहेत. या वाक्याहून नेमके फारसीत दुसरे काही असणार नाही, आपण या प्रकरणात लिहिले त्याचे सार यात आले, अशा आशयाची कबुली जुवैनी देतो. कुराणातील वचने, अरबी पद्ये, यमकयुक्त गद्य यांनी सजलेल्या आपल्या शैलीविरुद्ध त्याने स्वतःच ठेवलेली ही साक्ष आहे. शिक्षेचा व्यूह आणि हे उत्तर एकाच संहितेत शेजारी शेजारी आहेत, आणि निवेदकाने त्यांचा मेळ घातलेला नाही. जुवैनीचे मोठेपण माझ्या मते या न घातलेल्या मेळात आहे.

मर्वच्या (१२२१) कत्तलीनंतरच्या मोजणीकडेही याच दृष्टीने पाहता येईल. तेरा दिवस आणि तेरा रात्री मोजून प्रेतांची संख्या १३ लाखांहून अधिक भरली, असे जुवैनी लिहितो. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे आज कोणाही सावध अभ्यासकाला शक्य नाही. परंतु त्याला अतिशयोक्ती म्हणून बाजूस सारले की मोजणारी माणसे दृष्टीआड होतात. सारा, खंडणी, पटनोंदणी यांसाठी मोजणे ही चिटणिसाच्या जगातील राज्यकारभाराची मूलभूत कृती. तीच कृती उजाड शहरात प्रेतांवर चालू राहते.

४

नसवीचे उदाहरण वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. या एका लेखकाच्या नावावर दोन भाषांत, दोन प्रकारांतील लेखन आहे. ‘नफ्सतुल मस्दूर’ हे जलालुद्दीनच्या मृत्यूनंतर (१२३१) काही वर्षांनी लिहिलेले फारसी शोकगद्य सर्वसाधारणपणे त्याचेच मानले जाते. आणि १२४१ च्या सुमारास त्याने अरबीत जलालुद्दीनचे चरित्र लिहिले. पहिल्या रचनेत शब्दालंकारांचा इतका सोस आहे की घटना जणू त्याच्या आड दडून बसते. दुसरीत तोच लेखक तारखा, पत्रे, नेमणुका, फितुरी यांचा संयत हिशेब मांडतो. दुःख ताजे असताना आलंकारिक भाषा आणि दहा वर्षांनंतर साधी भाषा, हा क्रम आपल्या रोमँटिक अपेक्षेच्या उलट आहे. भावनेचा उमाळा म्हणजे साधेपणा, ही समजूत इन्शाच्या, म्हणजे दरबारी लेखनकलेच्या, परंपरेला लागू पडत नाही. तेथे शोकालाही रीत असते. नसवीची साधी भाषा ही नंतर, इब्न अल्-असीरचा इतिहास पाहून, साक्षीदाराच्या जबाबदारीने कमावलेली आहे.

या चरित्रातील दोन दृश्ये समोरासमोर ठेवून वाचावीत अशी आहेत. पहिल्यात वैभवाच्या शिखरावरील सुलतान मुहंमद आपल्या दारी सोन्याचे सत्तावीस नगारे झडविण्याची आज्ञा देतो आणि पहिल्या दिवशी ते वाजविण्यास जिंकलेल्या घराण्यांतील सत्तावीस राजपुत्र उभे करतो. दुसऱ्यात हाच सुलतान कास्पियन समुद्रातील बेटावर रोगाने जर्जर होऊन पडला आहे. किनाऱ्यावरचे लोक त्याला अन्न आणून देतात. त्यांना तो जहागिरी आणि अधिकारपदे बहाल करतो. चिटणीस उरलेला नसल्याने सनदा ज्याच्या त्यानेच लिहावयाच्या. डिसेंबर १२२० च्या सुमारास तो मरतो तेव्हा कफनासाठी कापडही मिळत नाही. एका सेवकाच्या सदऱ्यात त्याला पुरले जाते.

येथपर्यंत ही वैभव आणि विपत्ती यांच्या विरोधाची परिचित रचना आहे, आणि जुवैनीने तिच्यातून बोध काढला असता. नसवी मात्र पुढे जातो. जलालुद्दीन सत्तेवर आल्यावर त्याने त्या बेटावरच्या सनदा मान्य केल्या, असे तो नोंदवितो. मुनशीच्या दृष्टीने राज्य म्हणजे दिलेल्या शब्दाची वैधता. ओत्रार येथे लिहिलेली आज्ञा आणि कृती यांत फूट पडली, तर बेटावरील सनदेत जमीन हातची गेली असतानाही शब्द टिकला. नसवीच्या ग्रंथाचे हे दोन टोकांचे प्रसंग एकमेकांचे उत्तर आहेत. त्याने दैवाचा उल्लेख केला नाही असे नाही, पण त्याच्या कथनाचा भार दैवावर नाही.

जूझजानीविषयी थोडक्यात. १२६० मध्ये दिल्लीत सुलतान नासिरुद्दीन महमूद याच्या नावे त्याने ‘तबकात-ए-नासिरी’ पूर्ण केली. तिचा साचा घराण्यांच्या ‘तबकां’चा असून मंगोलांचा प्रलय शेवटच्या तबकात येतो. त्यामुळे काळाच्या अखेरीची चिन्हे आणि भाकिते यांना तेथे अनायासे स्थान मिळते. ज्या घोरी सुलतानांचा तो अभिमानी, त्यांचीच राज्ये ख्वारज्मशाहांनी गिळलेली. त्यामुळे त्याला हळहळ आहे ती एका घराण्याविषयी नसून इस्लामी जगाविषयी. मंगोलांच्या राज्याबाहेर लिहीत असल्याने त्याला चंगीझखानाला शाप देता येतो. ही मोकळीक जुवैनीला नव्हती.

५

मग ख्वारज्मशाहीचा उदय त्याच्या स्वतःच्या काळात वाचण्याचा काही मार्ग आहे काय? आहे, आणि तो इतिहासग्रंथांच्या बाहेर आहे. तेकिशच्या दरबारातील बहाउद्दीन बगदादी याचा ‘अत्-तवस्सुल इला अत्-तरस्सुल’ हा पत्रसंग्रह आणि वत्वातची पत्रे आज उपलब्ध आहेत. नेमणुकीचे हुकूम, अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना, शेजारी राजांना लिहिलेले खलिते असे त्यांचे स्वरूप आहे. ही पत्रेही निर्हेतुक नाहीत. न्यायाची आणि रयतेच्या कल्याणाची भाषा त्यांत साच्यासारखी येते, आणि कराखिताईंना खंडणी देणारा राजा त्यांत सार्वभौम म्हणून बोलतो. पण त्यांना भविष्य ठाऊक नाही. पत्रातील काळ उघडा असतो. लिहिणाऱ्याला उत्तर कोणते येईल हे माहीत नसते. इतिहासग्रंथांत जो उत्कर्ष अपरिहार्य अधःपाताची पहिली पायरी वाटतो तो या पत्रांत एका तुर्की घराण्याने फारसी राज्यभाषेच्या साहाय्याने चालविलेला, अनिश्चित निष्पत्तीचा प्रयत्न म्हणून दिसतो.

आपल्या अभ्यासक्रमांतून आणि सामान्य इतिहासग्रंथांतून ख्वारज्मशाही बहुधा चंगीझखानाच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येते. असे करताना आपण नकळत जुवैनीचा क्रम स्वीकारलेला असतो. त्या क्रमाबरोबर त्यामागची शिक्षेची कल्पनाही, धार्मिक रंग पुसून, ‘अहंकारी सुलतानाची चूक’ या लौकिक रूपात, आपल्या लेखनात शिरते. एका माणसाच्या चुकीतून लक्षावधींच्या मृत्यूचे स्पष्टीकरण देणे ईश्वरी कोपाच्या स्पष्टीकरणाहून फारसे वेगळे नाही. दोहोंतही तलवार चालविणारा सुटतो. इब्न अल्-असीरची राजकीय मीमांसा, नसवीने दाखविलेली आज्ञा आणि कृती यांतील फूट, आणि जुवैनीने जपून ठेवलेले निर्वासिताचे उत्तर या तीन गोष्टी एकत्र वाचल्या तर या सवयीला विरोध करणारी दृष्टी त्या संहितांतूनच मिळू शकते. त्यासाठी साधनग्रंथाची विश्वसनीयता ठरवून थांबता येणार नाही. कोणत्या वाक्यात कर्ता कोण आहे, तो कोठे गाळला आहे आणि कोणासाठी गाळला आहे, हे संहितेच्या पातळीवर तपासावे लागेल. हे काम इतिहासकाराचे की समीक्षकाचे, हा वाद त्यापुढे गौण होय.